आत्येआजीच्या ट्रंकेतली पुस्तिका, आणि मूकपट थिएटरपर्यंत पोचायचे कसे

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात सांगलीचं जुनं घर आवरायला काढलं. माळ्यावर आत्येआजीची पत्र्याची ट्रंक होती. नऊवारीच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या वासात, एक पुस्तिका निघाली. आठ पानं, वहीच्या निम्म्या आकाराची. मुखपृष्ठ गेलेलं, मधली टाचणी गंजून तिचा तपकिरी डाग सगळ्याच पानांवर उतरलेला. पान उलटलं की कडेचा भुगा बोटांना लागतो, म्हणून आता ताटात ठेवूनच बघते.

आत एका सिनेमाची गोष्ट आहे. तीच गोष्ट तीनदा: मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत. राजा, वनवास, कपटी प्रधान, असं पौराणिक वळणाचं कथानक. मुखपृष्ठ नसल्यामुळे सिनेमाचं नाव कळत नाही. गोष्ट ऐन रंगात आलेली असताना मराठी मजकूर एका वाक्यावर थांबतो: 'पुढे काय घडले ते पडद्यावर पाहावे.' त्याच्याखाली जांभळ्या शाईचा रबरी शिक्का आहे. 'थिएटर, सांगली' एवढं वाचता येतं, पुढचं पुसलंय.

मी ते वाक्य वाचलं आणि बराच वेळ ट्रंकेपाशी बसून राहिले. आत्येआजीनं हे जपून का ठेवलं असेल? ती फार सिनेमे बघणाऱ्यातली नव्हती. कदाचित तो तिचा पहिला असेल.

मग मी वाचत सुटले. मूकपटांबद्दल आपण बोलतो ते फाळके, त्यांची मुलगी मंदाकिनी, बाबूराव पेंटर असं, म्हणजे कोणी काढला आणि कोणी काम केलं. पण डोक्यात दुसराच प्रश्न घोळायला लागला. रीळ तयार झालं, डब्यात बंद झालं, पुढे काय? ते सांगलीच्या थिएटरवाल्यानं का लावावं? त्याला परदेशी फिती आयत्या मिळत होत्या, आठवड्यातून दोनदा खेळ बदलत होता. त्याला पटवायचं काम कोण करायचं, कशाच्या जोरावर? आणि माझ्या हातातला हा कागद छापला कोणी, सिनेमा कंपनीनं की थिएटरवाल्यानं?

फाळक्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिनेमाच्या आधी ते छपाईवाले होते. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी काम केलं होतं, पुढे स्वतःचा एन्ग्रेव्हिंगचा नि छपाईचा कारखाना काढला, तीनरंगी छपाईसाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. ब्लॉक कसा करतात, कागदावरचं चित्र माणसाला चालता चालता कसं थांबवतं, हे या माणसाला कॅमेऱ्याच्या आधीपासून ठाऊक होतं. 'राजा हरिश्चंद्र'च्या जाहिराती बघताना हे विसरून चालत नाही.

इथे गिरगावातले, कोल्हापूरचे, जुन्या कागदांची आवड असलेले बरेच जण आहेत. तुमच्या घरात, आठवणीत, वाचनात जे असेल ते लिहा. फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते.

---

गिरगावकर_जुना | शनिवार, रात्री १०:५५

ताई, सुंदर धागा. फोटो पाहिले. शिक्क्याची शाई अजून एवढी जांभळी राहिलीय याचं नवल वाटलं.

तुमचा 'थिएटरवाल्याला कोणी पटवायचं' हा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. मुंबईचं सांगतो.

आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच जाहिरातीनं झाली. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी खेळ केला, तिकीट १ रुपया. त्या दिवशीच्या टाइम्समध्ये 'शतकातला चमत्कार, जगातलं आश्चर्य' अशी जाहिरात होती. रुपयात त्या काळी किती दिवस घर चालायचं याचा विचार करा, म्हणजे ही जाहिरात कोणासाठी होती ते कळेल. मात्र आठवडाभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलला आणि दर ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत लावले गेले. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स ठेवले. प्रेक्षक कोण आहे हे त्यांनी आठ दिवसांत ओळखलं.

आता आपल्या कोरोनेशनकडे येऊ. हे सँडहर्स्ट रोडवरचं थिएटर नानाभाई चित्र्यांचं. १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' इथेच लागला. आठवड्यानं जी जाहिरात आली तिचा आशय असा: मुंबईतल्या निम्म्या हिंदूंनी गेल्या आठवड्यात हा खेळ पाहिला, उरलेल्या निम्म्यांनीही पाहावा अशी आमची इच्छा आहे. आजचा कुठलाही जाहिरातवाला या वाक्यापुढे हात जोडेल! 'शेजारच्यानं पाहिला, तू राहिलास' हेच ती सांगते, पण किती अदबीनं.

पुढच्या वर्षी फाळके. त्यांनी थेट लोकांसमोर जायच्या आधी २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ ठेवला. शहरातले प्रतिष्ठित लोक, न्यायाधीश, वृत्तपत्रांचे संपादक बोलावले. मला हा खेळ म्हणजे थिएटरवाल्यांना दिलेलं उत्तर वाटतं. 'देशी फीत चालेल का' अशी शंका ज्याला असेल त्यानं दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं वाचावीत. ३ मे ला 'राजा हरिश्चंद्र' लागला तो चित्र्यांच्याच कोरोनेशनमध्ये, म्हणजे ज्यानं आदल्या वर्षी 'पुंडलिक'ची गर्दी स्वतःच्या दारात पाहिली होती त्याच माणसाकडे. ही साखळी मला फार बोलकी वाटते.

'बॉम्बे क्रॉनिकल'मधल्या जाहिरातीत सिनेमा एकटा नव्हता. मिस आयरीन डेलमार यांचं नृत्य, मॅक्लेमेंट्स यांची विनोदी नक्कल, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर आणि टिप-टॉप विनोदी फिती, अशी अख्खी पंगत मांडली होती. खेळ संध्याकाळी ६, ८, १० आणि पावणेबारा. आणि तळाला टीप: प्रवेशाचे दर दुप्पट.

त्या टिपेकडे लक्ष द्या. ज्याला स्वतःच्या मालाबद्दल धाकधूक असते तो दर उतरवतो. इथे दर चढवले आणि तेही जाहिरातीत छापून. आठवड्याचा खेळ पुढे वाढवावा लागला.

---

पेटीवाली | रविवार, सकाळी ७:१५

कृष्णाकाठ, पुस्तिका मूकपटाचीच कशावरून? पौराणिक कथानक, तीन भाषा हे सगळं बोलपटांच्या पुस्तिकांतही असायचं.

एक खूण सांगते. आमच्या घरात बोलपटांच्या पंचवीस-तीस पुस्तिका आहेत, आईनं जमवलेल्या. त्यांतल्या प्रत्येकीत गाणी छापलेली आहेत. कथासार पानभर आणि गाणी चार पानं! लोक ती पुस्तिका गाण्यांसाठीच विकत घ्यायचे, घरी येऊन पाठ करायचे. तुमच्या आठ पानांत एकही गाणं दिसत नाही. पदाची एखादी ओळ, 'चाल अमुक', 'राग अमुक' असं काहीच नसेल, तर ती बोलपटाआधीची असण्याची शक्यता दाट आहे. नीट पाहून सांगाल?

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ९:०२

पेटीवाली, आत्ताच भिंग घेऊन तिन्ही भाषांतली सगळी पानं पाहिली. एकही पद नाही. 'बोलपट' हा शब्द नाही, 'संगीत दिग्दर्शक' नाही. पात्रांची नावं आहेत, तीही फक्त पात्रांची, नटांची नाहीत. अंगावर काटा आला.

---

हिशेबनीस | रविवार, सकाळी ११:३०

वाचनखूण साठवली. फाळक्यांच्या जाहिरातीचा विषय निघालाय तर सुरतेची गोष्ट आलीच पाहिजे.

'हरिश्चंद्र' सुरतेला लागला तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला ३ रुपये. तिथला भागीदार म्हणाला, आमच्याकडे २ आण्यांत सहा तासांचं नाटक मिळतं, तुम्ही ३ आणे घेऊन दीड तासात लोकांना घरी पाठवता, खेळ लांबवा. फाळक्यांनी खेळ नाही लांबवला, जाहिरात बदलली: फक्त ३ आण्यांत ५७,००० फोटोंचा खेळ, पाऊण इंच रुंद आणि दोन मैल लांब चित्र! गर्दी लोटली.

मी व्यवसायानं हिशेब तपासणारा, म्हणून कागद-पेन्सिल घेतली. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटात १६ चौकटी बसतात. 'हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट दिली जाते. ३,७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२००. सुरुवातीचा, शेवटचा कोरा भाग आणि जोड सोडले की ५७,००० हा आकडा जवळजवळ चोख बसतो. म्हणजे त्यांनी तो हवेतून काढलेला नाही.

दोन मैलांचं मात्र जुळत नाही. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट, आणि आपली फीत पाऊण मैलाच्याही थोडी आतच. त्या खेळातल्या सगळ्या फिती एकापुढे एक धरल्या असतील तर न कळे.

पण मला त्यातली युक्ती जास्त भावली. समोरचा माणूस खेळ घड्याळानं मोजत होता. घड्याळाच्या मापात फाळके हरणारच होते. त्यांनी मापच बदललं, तासांऐवजी फोटो मोजायला लावले. त्या काळी एक फोटो काढून घ्यायचा तर माणूस ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जायचा. अशा माणसाला ३ आण्यांत ५७,००० फोटो! फोटो म्हणजे काय किमतीची गोष्ट हे स्वतः फोटोग्राफी केलेल्या माणसालाच सुचणार.

---

रंकाळा | रविवार, दुपारी ३:२०

ताई, कोल्हापूरचं नाव काढलासा आणि आमी गप्प बसावं व्हय? :)

मुंबईची मंडळी शब्दांनी जाहिरात करत होती. चित्रानं जाहिरात करायची ती आमच्या बाबूराव पेंटरांनी. आमच्या पेठेत अजून नुसतं 'पेंटर' म्हटलं की कुठले हे विचारावं लागत नाही.

माणूस मुळात मिस्त्री घराण्यातला, बाबूराव कृष्णराव मिस्त्री. चुलतभाऊ आनंदराव आणि ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. नाटकाचा पडदा म्हणजे काय? शेवटच्या बाकावरच्या माणसाला पण राजवाडा राजवाडा वाटला पायजे. वीस-पंचवीस फुटांवरनं वाचता येईल असं चित्र काढायचं. हीच नजर पुढं सिनेमाच्या पोस्टरात आली. कागदावर काढलेलं चित्र आणि भिंतीवर लावायचं चित्र यात फरक असतो, तो ज्यानं पडदे रंगवलेत त्यालाच कळतो.

आनंदराव १९१६ मध्ये गेले. दोघांनी मिळून सिनेमा काढायचं स्वप्न बघितलेलं. बाबूरावांनी ते सोडलं नाही. तानीबाई कागलकरांनी पैशाचं बळ दिलं, शाहू महाराजांनी मदत केली, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, फत्तेलाल, पुढं शांताराम, सगळे याच तालमीतले.

१९२१-२२ च्या सुमारास बाबूरावांनी सिनेमाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका छापायला सुरुवात केली. तुमच्या ट्रंकेतल्या पुस्तिकेची ही थोरली बहीण म्हणा. आणि पोस्टरं स्वतः रंगवली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं सचित्र भारतीय सिनेपोस्टर समजलं जातं. शिवाजी महाराजांनी कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला सन्मानानं परत पाठवलं, तो प्रसंग. सिनेमा गेला, पोस्टर ऱ्हायलं.

माझे आजोबा (आईचे वडील) लहानपणी पोस्टर चिकटवणाऱ्या माणसाच्या मागनं फिरायचे. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. पहाटे खळीचा डबा शिजवायचा. मैद्याची खळ, त्यात मोरचूद टाकायचा, नायतर गाई-म्हशी पोस्टर चाटून फाडून खायच्या. मोरचूद घातला की खळ निळसर व्हायची. शिडी, मोठा ब्रश, आणि कागदाच्या गुंडाळ्या. पहिल्यांदा भिंतीला खळ, मग कागद वरनं खाली सोडत यायचा, मग परत वरनं खळीचा हात. सुरकुती पडली की मालक पैसे कापायचा. आजोबांचं काम डबा धरायचं. मजुरी म्हणून पैसे नाहीत, रात्रीच्या खेळाला पुढं जमिनीवर बसायला मिळायचं. ते म्हातारपणीपण भिंतीवर कुठलंही पोस्टर दिसलं की आधी सुरकुत्या बघायचे.

संध्याकाळी थिएटरच्या दारात ताशा आणि बँड. तंबूत फिरता सिनेमा दाखवणाऱ्यांची तर गावात शिरतानाच हलगी. छकड्याच्या दोन्ही अंगांना पोस्टरं बांधायची, पुढं हलगीवाला, मागनं पोरांची रांग, आणि एक जण हँडबिलं उधळत जायचा. पोरं ती गोळा करून पतंग करायची, म्हणून शिल्लक ऱ्हात नाहीत.

---

मंडईचा_कोपरा | रविवार, संध्याकाळी ६:४८

रंकाळा, आजोबांची आठवण वाचून डोळे भरले.

पुण्याची भर घालतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० ला आमच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्यांनी तो पाहिला आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. टिळकांच्या तोंडून असा शब्द आल्यावर दुसऱ्या जाहिरातीची गरज काय! आज मंडईजवळ त्या जागी गाड्या लावतात. मी तिथे स्कूटर लावतो तेव्हा दर वेळी आठवतं.

अवांतर: फाळक्यांच्या 'लंका दहन'बद्दल (१९१७) सांगतात की गिरगावात सकाळी ७ पासून रात्री ३ पर्यंत खेळ चालायचे आणि तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली. माझ्या मते ही गोष्ट लोकांनी गावोगावी सांगितली तीच त्या सिनेमाची मोठी जाहिरात. बाहेरगावचा थिएटरवाला पोस्टर बघून भुलत नाही, गल्ल्याची बातमी ऐकून भुलतो.

---

हडसनकाठी | सोमवार, सकाळी ६:१०

न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्या घरापासून फोर्ट ली जवळ आहे. हॉलिवूडच्या आधी अमेरिकेतले कितीतरी मूकपट या गावात निघाले. त्यामुळे हा नाद मला इथे आल्यावरच लागला आणि गेली बारा वर्षं मी जुने सिनेमाचे कागद जमवतो. कृष्णाकाठ यांचा मूळ प्रश्न, 'थिएटरवाल्याला पटवायचं कसं', त्याचं इथे अख्खं शास्त्र झालं होतं.

इथे कंपन्या थिएटरवाल्यासाठी एक खास मोठं पुस्तक छापायच्या, त्याला प्रेसबुक म्हणत. प्रेक्षकाला ते कधीच दिसायचं नाही. माझ्याकडे एक १९२० च्या दशकातलं आहे, वर्तमानपत्राच्या निम्म्या पानाएवढं. त्यात काय नाही! गावच्या वर्तमानपत्रात जशाच्या तशा छापायला तयार बातम्या. 'आमच्या गावात येत्या अमुक दिवशी' असं लिहून वार भरायला रिकामी जागा. लहान-मोठ्या आकारांत तयार जाहिराती. दारावर लावायच्या एका ओळीच्या घोषणा. आणि पोस्टरांची यादी: २७ बाय ४१ इंचांचं एकपानी, मग तीनपानी, सहापानी, रस्त्याकडेच्या मोठ्या फळीसाठी चोवीसपानी. आत लावायला ११ बाय १४ इंचांची रंगीत कार्डं. गावातल्या दुकानदाराला कसं सामील करून घ्यायचं, शाळेत निबंधस्पर्धा कशी लावायची, इथपर्यंत सूचना असायच्या. छोट्या गावातला थिएटरमालक, जो स्वतःच तिकीट फाडतो आणि स्वतःच झाडू मारतो, त्याला सगळं ताटात वाढून दिलेलं.

शिवाय धंद्याची वेगळी साप्ताहिकं होती. 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड'सारख्या अंकांत पानंच्या पानं जाहिराती, सगळ्या थिएटरवाल्याला उद्देशून. शिकागोच्या 'एक्झिबिटर्स हेरल्ड'मध्ये एक सदर होतं, ज्याच्या नावाचा अर्थ 'या चित्रपटानं माझ्यासाठी काय केलं'. त्यात गावोगावचे थिएटरवाले एकमेकांसाठी लिहायचे: हा लावा, गर्दी झाली, तो लावू नका, पाऊस नसतानाही थिएटर ओस. मी ती पत्रं तासन्‌तास वाचतो. कंपनीच्या चार रंगी जाहिरातीपेक्षा त्या दोन ओळींवर विश्वास ठेवला जायचा. मंडईचा_कोपरा म्हणतात तसंच, गल्ल्याची बातमी.

एक वाईट बाजूही होती, ती सांगितलीच पाहिजे. अॅडॉल्फ झुकरच्या पॅरामाउंटनं मालाची मोट बांधून विकायला सुरुवात केली. त्या काळची लाडकी नटी मेरी पिकफर्ड हिचा सिनेमा हवा? मग सोबत हे इतर सिनेमेही घ्या, कित्येकदा न बघताच. पिकफर्डच्या नावावर थिएटर भरायचं आणि उरलेले आठवडे रिकाम्या खुर्च्यांपुढे कंपनीचा कच्चा माल दाखवायचा. चिडलेल्या थिएटरवाल्यांनी १९१७ मध्ये एकत्र येऊन फर्स्ट नॅशनल नावाची स्वतःची कंपनी काढली. १९२१ मध्ये सरकारी आयोगानं तक्रार दाखल केली. आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला १९४८ उजाडलं! तोवर मूकपट संपून वीस वर्षं होत आली होती. आपल्याकडेही सरकारनं सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १९२७-२८ च्या रंगाचारियार समितीनं या मोट बांधण्याच्या पद्धतीबद्दल साक्षीदारांना विचारलं होतं, म्हणजे ही झळ तिथेही पोचली होती. जे थिएटर परदेशी कंपनीच्या करारात वर्षभर अडकलं, त्याच्या दारात देशी रीळ घेऊन गेलेल्या माणसाला 'तारीख नाही' एवढंच उत्तर मिळणार. भलं पोस्टर असो.

आता ताईंच्या पुस्तिकेबद्दल. इथे कंपन्या 'हेरल्ड' नावाचं छोटं हँडबिल हजारोंनी छापायच्या. चित्र, मजकूर सगळं कंपनीचं, पण मागच्या बाजूला मुद्दाम कोरी जागा. थिएटरवाला गठ्ठा विकत घ्यायचा आणि त्या जागेत स्वतःचं नाव नि खेळाची वेळ छापून किंवा शिक्का मारून वाटायचा. तुमचा शिक्का मजकुराच्या मधेच आलाय की त्याच्यासाठी जागा सोडलेली दिसते? जागा सोडलेली असेल तर पुस्तिका कंपनीची आणि शिक्का थिएटरचा.

---

जुना_कागद | सोमवार, दुपारी १:०५

अप्रतिम धागा. मी कागद-संवर्धनाचं काम करते, त्यामुळे आधी हात जोडून विनंती: ताई, पुस्तिकेला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. गंजलेली टाचणी स्वतः ओढू नका, कागद तिच्याबरोबर येतो. पानांमध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला, सपाट ठेवा, डांबरगोळ्यांपासून लांब. आणि उन्हात फोटो काढू नका, ती जांभळी शाई उजेडानं उडते.

एवढं कळकळीनं सांगते त्याला कारण आहे. भारतात १,३०० च्या आसपास मूकपट निघाले असं मानलं जातं. त्यांतले आज पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीसच्या आसपास उरलेत. 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं आहे, तेही १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं असावं असं अभ्यासक म्हणतात. अमेरिकेचंही फार वेगळं नाही. तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ च्या पाहणीत १०,९१९ मूक कथापटांपैकी मूळ रूपात पूर्ण उरलेले १४ टक्के निघाले. त्या काळची नायट्रेटची फीत पेट घेते, सडते, आणि आपल्याकडे कित्येक रिळं त्यांतल्या चांदीसाठी धुतली गेली. २००३ मध्ये पुण्यात जुन्या रिळांच्या कोठाराला आग लागली तेव्हा उरल्यासुरल्यातलंही बरंच गेलं.

म्हणजे बहुतेक मूकपटांबाबत आज आपल्याकडे कागदच आहे. थिएटरवाल्याला पटवायला आणि प्रेक्षकाला दोन आणे काढायला लावायला छापलेला, दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचा कागद. त्यावरूनच कळतं की अमुक नावाचा सिनेमा होता, त्याची गोष्ट अशी होती, सांगलीत तो लागला होता.

एक सल बोलून दाखवते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या थिएटरच्या पाडकामाच्या वेळी आम्ही कळवून गेलो होतो की कार्यालयातले कागद आम्हाला द्या, वाहतूक आमची. पोचलो तेव्हा रद्दीचा टेम्पो निघून गेला होता. दाराशी एकच हँडबिल चिखलात पडलं होतं, बुटाचा ठसा उमटलेलं. ते आहे माझ्याकडे. ठसा काढलेला नाही.

---

पेटीवाली | सोमवार, रात्री ८:३०

जुना_कागद, वाचून पोटात तुटलं.

थिएटरात मूकपट मुका नसायचा एवढंच जोडते. पडद्याजवळ पेटी-तबला असायचा, आणि ज्यांना पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी कोणीतरी त्या मोठ्यानं वाचून दाखवायचा. फाळक्यांच्या पाट्या इंग्रजीत आणि हिंदीत असायच्या. सांगलीच्या प्रेक्षकातल्या किती बायकांना त्या वाचता येत असतील? आत्येआजीला वाचता येत होतं का, ताई? येत असेल तर मला वाटतं शेजारणींना गोष्ट आधी वाचून दाखवायला तिनं पुस्तिका घेतली असेल. मराठी पानाच्या कडा इतर पानांपेक्षा जास्त झिजलेल्या दिसतायत फोटोत.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११:२०

तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत त्यानं भारावून गेलेय. एकेक करून सांगते.

पेटीवाली, हो, तिला वाचता येत होतं. माहेरी शिकली होती आणि चाळीतल्या बायकांची पत्रं तीच वाचून द्यायची, हे बाबा नेहमी सांगायचे. कडांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच, मराठीची दोन पानंच मऊ झालीयत, गुजराती आणि इंग्रजी पानं कोरी करकरीत.

हडसनकाठी, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री पुस्तिका पुन्हा ताटात काढली, दिवा आडवा धरला. शिक्क्याखाली बारीक छापील चौकट आहे! आधी ती मला शिक्क्याचीच कड वाटली होती. तिच्या चारही कोपऱ्यांत छोटी नक्षी आहे आणि मजकूर चौकटीच्या वर नेटका थांबतो. शिक्का किंचित तिरका, चौकटीच्या उजव्या कडेबाहेर गेलेला. म्हणजे जागा छापतानाच सोडलेली होती. तुम्ही सांगितलेल्या हिशेबानं पुस्तिका कंपनीनं छापली, गठ्ठे करून गावोगाव पाठवली, आणि सांगलीत कोणीतरी घाईघाईनं, बहुधा शेकडो प्रतींवर एकामागून एक, शिक्का मारत बसलं होतं. त्या तिरक्या शिक्क्यात मला तो माणूस दिसायला लागलाय.

रंकाळा, पौराणिक कथा आणि सांगली-कोल्हापूरचं अंतर पाहता पुस्तिका तुमच्या कोल्हापूरची असावी असं मन म्हणतंय. पण गुजराती मजकूर मुंबईच्या कंपनीकडे बोट दाखवतो, म्हणून इतक्यात काही म्हणत नाही.

जुना_कागद, तुम्ही व्यक्तिगत निरोपात सांगितलेला कागद मागवला. टाचणीला हात लावलेला नाही. गुरुवारी रजा टाकलीय, पुण्याला फिल्म आर्काइव्हमध्ये पुस्तिका घेऊन जातेय. पात्रांच्या नावांची यादी त्यांना आधी पाठवलीय, जुन्या जाहिरातींशी ताडून पाहता येईल म्हणून. ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता, तोही उचलून घेतलाय. त्याची तारीख फाटलीय, पण सोन्याचा भाव शिल्लक आहे. हिशेबनीस, त्यावरून साल काढता येईल का?